दोन नंबरच्या इंजिनातल्या अक्षता

बोरिवली (पश्चिम)
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

चि. निलेश,

शनिवारी, चार तारखेला, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तुझ्या आईने मला फोन करून कळवलं की तुमच्या हेलिकॉप्टरचं, त्या टिटवीचं, इंजिन मी फोडलं. वेळ पक्की लक्षात आहे, कारण गॅसवर कुळथाची पिठी होती आणि ती फोन संपेपर्यंत करपली. प्रेमावहिनीचं वाक्य जसंच्या तसं देते : "वन्सं, रागावू नका हं, पण त्या तुमच्या अक्षता इंजिनात गेल्या म्हणे. निलेश बिचारा दोन दिवस जेवला नाहीये."

निलेश बिचारा. इंजिन बिचारं. आणि मी?

मी तुझी सख्खी आत्या आहे, त्यामुळे हे फोनवरही विचारू शकले असते. पण फोनवर तू "आत्या, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि मोबाइलवरचा मजकूर पुसता येतो. म्हणून पत्र. उत्तरही कागदावरच हवं. शाळेत आमच्या सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, जे सांगायला जीभ अडखळते ते पूर्ण वाक्यात लिहून काढा, म्हणजे अडखळणं कुठे आहे ते दिसतं.

आता घडलं ते माझ्या बाजूने. खंडेनवमीला तुमच्या मुलुंडच्या शेडमध्ये मी आपणहून आले नव्हते. "आत्या, टिटवीची पहिली पूजा आहे, घरातलं मोठं माणूस हवं," असं तूच म्हणालास आणि गाडी पाठवलीस. हळद-कुंकवाचं ताट तूच माझ्या हातात दिलंस. झेंडूचा हार मी बोरिवली स्टेशनबाहेरून नेला होता. गुरुजी म्हणाले, यंत्राच्या तोंडाला कुंकू लावा. तुझी ती भांडुपची इंजिनियर मुलगी, श्रुतिका, तिने मला स्टूल दिलं, खाली धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, हिचं लग्न लावताय का?" मी म्हटलं, "हो, आणि करवली तू." त्यावर ती म्हणाली, "करवलीच. पहिल्यांदा उडेल तेव्हा मागच्या सीटवर मीच असणार, सगळे आकडे बघायला."

आता नीट वाच. हवा आत ओढणाऱ्या त्या दोन्ही तोंडांवर लाल कापडी टोप्या घट्ट बसवलेल्या होत्या. मला हे आठवतं, कारण लाल कापडावर कुंकू दिसेना म्हणून मी हळद जास्त लावली. अक्षता टाकल्या त्या त्या टोप्यांवर. त्यानंतर मी जेवले आणि घरी आले.

तोंड बांधलेल्या माणसाच्या पोटात भात कसा जातो, एवढंच मला समजावून सांग.

तुझी आत्या,
शर्मिष्ठा तावडे


मुलुंड
९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. आमच्या ऑफिसात चालू स्थितीतलं पेन सापडायला अर्धा तास लागला, तेव्हा अक्षर माफ कर.

आईने उगाच तुला फोन केला. मी तिला फक्त सांगितलं होतं, तिने बातमी केली. तू मनाला लावून घेऊ नकोस, प्लीज. झालं ते असं. शुक्रवारी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, टिटवीला नेहमीसारखं आवारात साखळ्यांनी जमिनीला बांधलं आणि दोन्ही इंजिनं सुरू केली. हे आम्ही याआधी अकरा वेळा केलं होतं, कधी शिंक नाही आली. या वेळी चौथ्या मिनिटाला दोन नंबरच्या इंजिनातून तोफेसारखा आवाज आला, मागून हातभर जाळ निघाला. लगेच बंद केलं. कोणाला काही लागलं नाही. उघडून बघितलं तर आतल्या पात्यांच्या कडा तुटलेल्या, तोंडावरची जाळी फाटलेली, आणि तळाशी तांदळाचे तीन दाणे नि हळदीचा डाग. मग सगळ्यांनी जे म्हणायचं तेच म्हटलं.

अहवालात तुझं नाव अजिबात नाही. "पूजेच्या वेळी एका ज्येष्ठ पाहुण्यांच्या हातून साहित्याचा अंश आत गेला" एवढंच आहे. तुझं काय बिघडणार आहे सांग? तुला काही कोणी कामावरून काढणार नाही! आम्ही नवा नियम केला की यापुढे यंत्राच्या जवळ पूजा नाही, लांबूनच नमस्कार. विषय संपला.

फुटलेलं इंजिन बनवणाऱ्यांकडे परदेशी पाठवलंय, त्यांचं उत्तर फेब्रुवारीपर्यंत येईल. तोवर त्यांनी दुसरं वापरायला दिलंय. पाच डिसेंबरला शहापूरच्या माळावर टिटवी पहिल्यांदा जमीन सोडणार. पाच वर्षांचं काम आहे, आत्या. तू येच. दिवाळीत भेटतो.

तुझा,
निलेश


बोरिवली
सोमवार, १३ ऑक्टोबर

चि. निलेश,

"तुझं काय बिघडणार" या वाक्यावर मी दोन दिवस बसून होते. मग लक्षात आलं की ही पळवाट मी आधी शेकडो वेळा वाचली आहे.

मी चौतीस वर्षं विमा कंपनीत गाड्यांच्या अपघाताचे दावे तपासले, हे तुला माहीत आहे, पण त्यात काय असतं ते तू कधी विचारलं नाहीस. त्यात गाय असते. ड्रायव्हरला डुलकी लागली, ब्रेक झिजले, शेजारच्या सीटवरच्या बाईशी भांडण झालं, कारण काही असो, दाव्यात लिहिलेलं असायचं : "अचानक गाय आडवी आली." घोडबंदर रोडला गाय, पनवेलला गाय, एकदा तर उड्डाणपुलावर गाय. मी साहेबांना विचारलं होतं, ही गाय जिना चढून आली का? लोक गाईचं नाव घेतात, कारण गाय साक्ष द्यायला येत नाही.

तुझ्या अक्षता ही गाय आहे. फरक एवढाच की मी साक्ष द्यायला येते.

तांदळाचे तीन दाणे सापडले म्हणतोस. अख्खे? अख्खे असतील तर ते आत गेलेच नाहीत, कारण आत गेलेल्याचं पीठ होतं. आणि तांदळाने पातं तुटत नाही. माझा मिक्सर पंधरा वर्षं इडलीचे तांदूळ दळतो आहे. त्याचं पातं एकदाच तुटलं, जेव्हा कामवाली आत चमचा विसरली. धातूचं पातं धातूने तुटतं. हे समजायला इंजिनियर व्हावं लागत नाही, फक्त इडली खावी लागते.

आणि ज्या प्रश्नासाठी मी पत्र लिहिलं होतं त्याला तू हात लावला नाहीस. टोप्या होत्या की नव्हत्या? एका शब्दात लिही.

शर्मिष्ठा आत्या


मुलुंड
२९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

भाऊबीजेला येता आलं नाही, रागावू नकोस. फराळाचा डबा कुरिअरने पाठवला होता तो मिळाला असेल. करंज्या आईच्या आहेत, नावं ठेवलीस तरी चालेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : तू पूजा केलीस तेव्हा टोप्या होत्या. नंतर काढल्या. अध्यक्षसाहेबांना टिटवीबरोबर फोटो हवा होता आणि त्या लाल टोप्यांवर इंग्रजीत मोठ्या अक्षरात "उडण्यापूर्वी काढा" लिहिलेलं असतं, फोटोत ते बरं दिसत नाही. काढताना वरच्या अक्षता, हळद आत पडली असणार. हारही तिथेच दोन नंबरच्या तोंडावर अडकवला होता.

आता खरं सांगतो. टोप्यांची जबाबदारी आमच्या मेकॅनिककडे, दत्तारामकडे आहे. तो मुलुंड कॉलनीत राहतो, दोन मुली शाळेत, बायको घरी. शुक्रवारी इंजिन सुरू करण्याआधी तोंडात बघून ठीक आहे म्हणणाराही तोच. मी "टोप्या अवेळी काढल्या" असं लिहिलं असतं तर पहिला तो गेला असता. म्हणून पूजेवर ढकललं. अक्षतांना नोकरी नसते, आत्या. तू रिटायर्ड आहेस, तुझी पेन्शन कोणी थांबवत नाही. एका गरिबाचं घर वाचतंय तर तू थोडं सोस ना. तुला मी कायम मोठ्या मनाची समजत आलोय.

नवं इंजिन बसलं. बारा मिनिटं चाललं, एकदम झकास. पाच डिसेंबर पक्की.

निलेश


बोरिवली
शनिवार, १ नोव्हेंबर

चि. निलेश,

करंज्या मऊ पडल्या होत्या. वहिनीला सांगू नकोस.

"अक्षतांना नोकरी नसते" हे वाक्य चांगलं आहे. तुझ्या आजोबांना आवडलं असतं, गिरणीत तेही असंच बोलायचे. मला मात्र पटलं नाही. मोठं मन काढायच्या आधी मी फोटो काढून बघितला.

तोच, जो वहिनीने दसऱ्याला घरच्या ग्रुपवर टाकला. मधे तुमचे अध्यक्ष, पोटावर हात बांधून. त्यांच्या मागे माझा हार. उजव्या कडेला तू. तुझ्या डाव्या काखेत दोन लाल टोप्या गुंडाळलेल्या आहेत, वरच्या टोपीवर माझी हळद दिसते आहे. दत्ताराम फोटोत नाही. असणार कसा? त्याच वेळी तो मला वाढत होता. "आत्या, भाजी घ्या अजून, संकोच करू नका," असं तीन वेळा म्हणाला.

टोप्या तू काढल्यास. दत्तारामला तू वाचवत नाहीयेस. सगळ्यात पुढे मला उभं केलंस, माझ्या मागे दत्तारामला, आणि त्याच्या मागे तू लपलास. लहानपणी वहिनीच्या पदराआड लपायचास तेव्हा निदान पाय दिसायचे.

झालं, रागाचं लिहून झालं. आता जे लिहिते ते त्याहून गंभीर आहे. ते दोनदा वाच.

तुझी समजूत आहे की इंजिन तुझ्या हातून फुटलं. म्हणून तू घाईघाईने अक्षता लिहिल्यास आणि पुढे कोणाला शोधू दिलं नाहीस. मला वाटतं तुझ्या हातून ते फुटलंच नाही. मला आनंद होत नाहीये, काळजी वाटते आहे.

तांदळाचं मी लिहिलं. राहिला हार. तो गाडीला बांधायचा तारेचा हार नव्हता, सुतात ओवलेला होता, मीच निवडून घेतला. सुताने पात्याच्या कडा तुटत नाहीत. मग आत धातू कुठून आला? आमच्या खात्यात पहिला प्रश्न हा असायचा की गाडी रोज याच रस्त्याने जात होती ना, मग आज वेगळं काय होतं. तू लिहितोस, अकरा वेळा इंजिनं चालली, शिंक आली नाही. बाराव्या वेळी काय वेगळं होतं? तू म्हणशील, पूजा. मी सांगते, जाळी. पूजेला आलेल्या प्रत्येक माणसाला तू हौसेने सांगत होतास : "टोपीखालची ही तोंडावरची जाळी आम्ही नवी केली, इथेच बनवली, जुनीपेक्षा निम्म्या वजनाची, कालच बसवली." मला दोनदा सांगितलंस. तीच जाळी फाटलेली सापडली आणि तुम्ही सगळ्यांनी धरून चाललात की इंजिन फुटलं म्हणून जाळी फाटली. उलटं नसेल कशावरून?

तुझं नवं इंजिन त्याच जातीच्या जाळीमागे बसलंय. आणि एक नंबरचं इंजिन तर तेव्हापासून तिच्याच मागे आहे.

तूच मला शिकवलं होतंस की टिटवीला दोन इंजिनं अशासाठी की एक बंद पडलं तर दुसरं माणसांना घरी आणेल. चांगली कल्पना आहे. पण दोघांना एकच रोग असेल तर दुसरं कशाला आणेल? आणि मागच्या सीटवर ती मुलगी असणार आहे.

मला यंत्रातलं कळत नाही. मी चुकत असेन तर तुमचा एक दिवस जाईल. एक नंबरची जाळी काढून बघ. तू स्वतः बघ.

आत्या


मुलुंड
२० नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते खणात टाकलं. खूप राग आला होता. आठवडाभर म्हणत होतो, मिक्सर नि इडलीवरून ही बाई मला इंजिन शिकवणार. मग एका दुपारी श्रुतिका सीटचे पट्टे लावून बघत होती, मागच्या सीटवर बसून पाय हलवत काहीतरी गुणगुणत होती. मी खणातून तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं.

अकरा तारखेला दत्ताराम, श्रुतिका आणि मी, तिघांनी एक नंबरची जाळी काढली. कडेने बारीक रिव्हेट असतात, धातूच्या खिळ्यांसारखे, ठोकून बसवलेले. दोन रिव्हेटांची डोकी उडालेली होती. तिसरा दत्तारामने बोटाने धरला तर गोल फिरला. ती दोन डोकी आम्हाला जाळीच्या कोपऱ्यात अडकलेली मिळाली, आत गेली नव्हती. मग नव्या इंजिनाचीही जाळी काढली. बारा मिनिटंच चाललं होतं, तरी एक रिव्हेट हलत होता. वजन वाचवायला मऊ धातूचे घेतले होते, थरथरीने तुटले. ते मी निवडले होते.

श्रुतिका खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "सर, पाणी आहे का?" दत्ताराम धावत गेला.

पाच डिसेंबर रद्द. दोन्ही जाळ्या जुन्या पद्धतीने, पक्क्या रिव्हेटच्या करतोय. फेब्रुवारीच्या आधी टिटवी उडणार नाही. अध्यक्षांना सांगितलं, "तपासणीत दोष आढळला." ते खूश झाले, म्हणाले, बघा आपली टीम किती दक्ष आहे. मी मान हलवली.

तुझे आभार कसे मानू कळत नाही. एकच विनंती. ऑक्टोबरचा अहवाल आता बंद झालाय. तो उघडला तर विचारतील, तेव्हाच का नाही शोधलं, आणि मग टोप्या, फोटो, सगळं निघेल. रिव्हेटचा अहवाल वेगळा लिहिलाय, खरा लिहिलाय. अक्षतांचा राहू दे ना तसाच. आता त्याने कोणाचं नुकसान नाही.

तुझा,
निलेश


बोरिवली
सोमवार, २४ नोव्हेंबर

चि. निलेश,

तुझं पत्र वाचून मी आधी देवापाशी दिवा लावला, मग चहा केला, मग हे लिहायला बसले. जाळी तू स्वतः काढलीस, त्या दोघांसमोर काढलीस, आणि "ते मी निवडले होते" हे मी न विचारता लिहिलंस. ते वाक्य कुठेही अडखळलेलं नाही. तुझ्या बाबांना बरं वाटलं असतं. यापेक्षा जास्त कौतुक माझ्याकडून मिळणार नाही, तेव्हा हे जपून ठेव.

आता विनंतीबद्दल. नाही.

कोणाचं नुकसान नाही म्हणतोस. मी मोजून दाखवत नाही, पण बघ. तुमच्या शेडमध्ये आज एक नियम आहे की पूजा लांबून करायची. फोटोसाठी टोप्या काढायच्या नाहीत, असा नियम आहे का? नाही, कारण टोप्या कोणी काढल्याच नाहीत. उद्या एखादं इंजिन खोकलं तर तुमची माणसं तांदूळ शोधतील, तांदूळ सापडेल, कारण या देशात तांदूळ कुठेही सापडतो, आणि ती शोधायची थांबतील. दत्ताराम रोज सकाळी तोंडात बघून ठीक आहे म्हणतो. त्या दिवशीही त्याने बघितलं होतं आणि तीन दाण्यांनी काही होत नाही, म्हणजे त्याचं ठीक आहे म्हणणं बरोबर होतं. हे त्याला कोणी सांगितलं आहे का? की तो बिचारा अजून मनात धरून बसला आहे की आपल्या नजरचुकीने झालं? त्याला विचारायचं तुला सुचलं नसेल. फोन नंबर असता तर मी विचारलं असतं.

आणि श्रुतिका. फेब्रुवारीत ती मागे बसेल. हे यंत्र ठीक आहे, अशा कागदावर तुझी सही असेल आणि तिच्यावर विसंबून ती जमीन सोडेल. त्याच हाताची तीच सही ऑक्टोबरच्या कागदावर आहे, एका खोट्या वाक्याखाली. कुठली सही खरी हे तिने कसं ओळखायचं? तुझ्या आत्याच्या इडलीवरून?

तेव्हा मला हवं ते असं. ऑक्टोबरचा अहवाल उघड. टोप्या कोणी काढल्या आणि का, हे नावानिशी लिही. इंजिन जाळीच्या रिव्हेटने फुटलं असण्याचा संभव आहे आणि निर्मात्यांचं उत्तर यायचं आहे, असं लिही. दत्तारामचा दोष नव्हता, असं लिही. आणि "एका ज्येष्ठ पाहुण्यांच्या हातून" हे शब्द खोडून टाक. मी पाहुणी नव्हते, घरची होते, म्हणूनच तू मला पुढे केलंस. हे सगळं जिथे पूजा झाली तिथे, त्या दोघांसमोर वाचून दाखव. अध्यक्षांनी तुला काढलं तर बोरिवलीला ये, पुढची खोली रिकामी आहे आणि कुळथाची पिठी मी पुन्हा करीन. मला वाटत नाही ते काढतील. फोटोत त्यांचंच पोट पुढे आहे.

पुढच्या खंडेनवमीला मी येणार आहे. ताट मी आणीन, हळद मी आणीन. टोप्या चढवलेल्या असू देत, आणि स्टूल धरायला तीच मुलगी हवी.

बदललेल्या अहवालाची प्रत, तुझ्या सहीची, आणि तुझं उत्तर, कागदावर, पूर्ण वाक्यात, सोमवार, १ डिसेंबर २०२५, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. सहा वाजता तुझी ही तिन्ही पत्रं नि तो फोटो घेऊन मी मुलुंडला यायला निघेन आणि ती अध्यक्षांना देणार नाही, श्रुतिकाला देईन.

तुझी आत्या,
शर्मिष्ठा तावडे